बाजार फिरावा, बांधावर जेवावं

मंडळी, आपल्या भागातली मुलं आता शिकून-सवरून परदेशात गेली आहेत. सुटीत गावी आली, की तिकडच्या खेड्यांतल्या बाजारांचं कौतुक सांगतात. फ्रान्समध्ये म्हणे रविवारी गावोगाव लोक घराचे माळे रिकामे करतात. जुन्या किटल्या, खुर्च्या, पुस्तकं रस्त्यावर मांडून बसतात. कायद्यानं घरगुती माणसाला असं दुकान वर्षातून दोनदाच मांडता येतं. फिरून पाय दुखले, की झाडाखाली दोन-दोन, तीन-तीन तास जेवण चालतं. फ्रेंचांच्या सणासुदीच्या निवांत जेवणाची रीत २०१० मध्ये युनेस्कोनं सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली.

ऐकायला गोड आहे. पण पाव्हणं, परभणीहून वसमतला जाताना बाजाराच्या दिवशी हट्ट्याला कधी उतरलात का? उतरा एकदा, आणि घड्याळ खिशात ठेवा. गोणपाटावर मेथी-वांगी, पलीकडं सुपं-टोपल्या, खुरपी-विळे, दावी-कासरे. जुन्या कपड्यांचा ढीग, त्याच्याशेजारी चप्पल शिवणारा. "कशी लावली वो मावशी?" एवढं विचारलं, की भावाबरोबर पाऊसपाण्याची, लेकीच्या सासरची खबर फुकटात मिळते.

आपल्याकडं माळा मात्र उलट्या रीतीनं रिकामा होतो. आजीचं पितळी घंगाळ किलोवर मोडीत जातं, आणि तसंच घंगाळ शहरातल्या दुकानात शोभेची वस्तू म्हणून भाव खातं. म्हणून मोडीत घालण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एक डाव विचारा, हे कुठून आलं होतं.

आता जेवणाचं. पौषात दाणा चिकात आला, की शेतात आगटी करावी. गोवऱ्यांच्या विस्तवात कणीस भाजावं, हातावर चोळावं आणि हुरडा गरम-गरम तोंडात टाकावा. सोबतीला लसणाची चटणी, दही, गूळ. दुपार चढली, की भाकर, वांग्याची भाजी आणि ठेचा. वर ताक. मग आंब्याखाली घोंगडी टाकून गप्पा. हे जेवण कोणत्या यादीत नसलं म्हणून काय बिघडलं?

बिघडलंय ते दुसरीकडं. रानात जोंधळाच कमी झालाय. सोयाबीन रोकडा देतं. हळदीनं वसमतचं नाव केलं. तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. ते चांगलंच झालं. पण ज्वारीला पाखरं राखावी लागतात, रानडुकरं सोसावी लागतात, काढणीला माणूस मिळत नाही. शेतकऱ्यानं ती सोडली, तर त्याला दोष कसा द्यायचा? ज्वारी गेली, की कडबा जातो, कडब्यामागं दावणीचं जनावर जातं, आणि बाजारातला दावी-कासरे विकणाराही उठतो. २०२३ हे वर्ष जगानं भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. आपल्या बांधावर त्याचं काय उरलं?

तेव्हा शेतकरी बांधवांनो, सगळं रान नको, पण घरच्यापुरते चार तास ज्वारीचे पेरा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं 'परभणी वसंत' हे खास हुरड्याचं वाण दिलं आहे. आणि गावी येणाऱ्या पाव्हण्यांनो, बाजारात मावशीशी दोन रुपयांसाठी घासाघीस करू नका, ज्वारी गावातूनच विकत न्या. पेरणाऱ्यानं रानात चार तास काढले, तर खाणाऱ्यानंही बांधावर चार तास काढावेत. एवढं झालं, तरी बाजार भरत राहील.