रुसलेल्या धावा आणि सीझनची सुरुवात

2025च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माचे पहिले पाच डाव असे होते: 0, 8, 13, 17, 18. रोहित संपला, असं लोक सर्रास बोलू लागले. मग 20 एप्रिलला चेन्नईविरुद्ध 45 चेंडूंत नाबाद 76, तीन दिवसांनी हैदराबादेत 70 आणि बाद फेरीत गुजरातविरुद्ध 81. त्याच्या संघाचंही तेच. 2013 ते 2025 मुंबई इंडियन्सनं मोसमातला पहिला सामना एकदाही जिंकला नाही, आणि त्याच काळात पाच वेळा करंडक जिंकला.

अशा अडखळत्या सुरुवातीत नशिबाचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून मोठा असतो. सरासरी 30 असलेला फलंदाज वीस धावांच्या आत बाद होण्याची शक्यता जवळजवळ निम्मी. सलग पाच डाव तसे जाणं म्हणजे सुमारे चाळिसात एक. दहा संघांतले वरच्या फळीतले पन्नास-साठ फलंदाज धरले, तर एक-दोघांची सुरुवात काहीही न बिघडता अशी होणारच.

पण सगळंच नशीब नव्हे. अमेरिकेतलं बेसबॉलच घ्या. ते मार्चअखेर, थंडीत सुरू होतं. गार हवा दाट असते, चेंडू लांब जात नाही. दहा अंश सेल्सिअसच्या फरकानं उंच फटका सुमारे दोन मीटर आखूड पडतो. शिवाय तिथे धाव सहसा एकट्याची नसते. पहिल्या बेसवर पोचलेल्याला घरी आणायला मागच्यांचे फटके लागतात, आणि तेही अजून चाचपडतच असतात. न्यूयॉर्क मेट्सचा फ्रान्सिस्को लिंडोर 2024च्या मेच्या मध्यापर्यंत दहा संधींत दोन फटकेही धड मारत नव्हता. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर 107 धावा आणि 33 होमरन होते.

आता मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याकडे या. इथला सीझन पावसाच्या हातात. भात काढून झालं की माळावर, रिकाम्या खाचरात टेनिस बॉलचे सामने सुरू होतात. सुरुवातीला खेळपट्टी धड बसलेली नसते. कुठे ढेकूळ, कुठे भाताची धसकटं. सकाळी डोंगरावरची थंडी, आणि गार पडलेला टेनिस बॉल उसळत नाही. गुडघ्याएवढा येईल म्हणून बॅट फिरवावी तर चेंडू घोट्याशी. हीच खेळपट्टी उन्हानं आणि पायांनी दबून मार्चपर्यंत टणक होते, चेंडू बॅटवर येऊ लागतो, आणि जानेवारीत भोपळा फोडू न शकलेला पोरगा षटकार मारू लागतो.

त्यात मोखाडा-जव्हारची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर कामाला उतरतात. होळीला परतलेल्या पोरानं महिनोन् महिने बॅट हातात घेतलेली नसते. त्याचा सीझन तेव्हा कुठे सुरू होतो, इतरांचा अर्ध्यावर आलेला असतो. पाच-सहा षटकांच्या सामन्यात त्याच्या वाट्याला आठ-दहा चेंडू येतात. दोन सामन्यांत वीसही चेंडू न खेळलेल्याला ‘फॉर्म नाही’ म्हणून बसवतात, हे मला अजिबात पटत नाही. त्याला चौथ्या-पाचव्या क्रमांकावर पाठवा, पण निदान पाच सामने खेळवा. आणि शक्य असेल त्या मंडळानं होळीच्या आठवड्यात, परतलेल्या सगळ्यांना धरून, बक्षिसाविना दोन दिवस नुसता सराव ठेवावा.