सातबारा आणि दिवाणी निवाडा (लेखांक सहावा)

तलाठ्याने घेतलेली फेरफाराची नोंद मंडळ अधिकाऱ्याच्या हातून कशी प्रमाणित होते, हे मागील लेखांकात पाहिले. ती नोंद चुकीची ठरल्यास ती फिरविण्याचा अधिकार कोणाचा व तो कोठवर चालतो, हा आजचा विषय आहे.

मिरज तालुक्यात या प्रश्नाला इतिहासाचे ओझे आहे. पटवर्धनांच्या थोरल्या व धाकट्या पातीचा मुलूख ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाला, पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० साली त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. मध्यंतरी १९५५ च्या कायद्याने विलीन मुलखातील किरकोळ इनामे खालसा झाली आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळे मालक मानली जाऊ लागली, त्यामुळे एकाच गटावर संस्थानी दप्तराचा, कुळाचा आणि वारसांचा असे फेरफार एकावर एक चढलेले आढळतात.

लिहिताना नाव चुकले, क्षेत्राचा आकडा उतरविताना बदलला, किंवा झालेली चूक सर्व हितसंबंधी मान्य करीत आहेत, अशा प्रसंगी महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ चे कलम १५५ पुरेसे आहे, आणि त्यासाठी तहसील कचेरीपलीकडे जाण्याचे कारण नाही. परंतु पक्षकारांत मालकीविषयीच मतभेद असताना त्यास लेखनप्रमाद म्हणून दुरुस्तीचा हुकूम काढणे म्हणजे हक्काचा निवाडा चोरवाटेने करणे होय, आणि असे हुकूम निघतात तेव्हा ज्याची जमीन जाते त्याला वर्षानुवर्षे हेलपाटे घालावे लागतात.

समजा, आरग-बेडगकडील एखाद्या पानमळ्याचा मूळ कब्जेदार वारला. वारसनोंदीत भावांची नावे कब्जेदार सदरी लागली आणि बहिणीचे नाव ‘इतर हक्क’ या रकान्यात एका ओळीत राहिले. तिने नोंद प्रमाणित होण्यापूर्वी हरकत घेतली तर प्रकरण गाव नमुना ६-अ मध्ये चढून तिची सुनावणी होईल; नंतर जाग आली तर हुकुमाविरुद्ध साठ दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे अपील करता येईल. तथापि तिचा हिस्सा आहे काय व किती, हे ठरविणे महसूल अधिकाऱ्याच्या हाती नाही. फेरफाराने हक्क उत्पन्न होत नाही किंवा नष्टही होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालच्या एका निवाड्यात सांगितले असून, कलम १५७ प्रमाणे नोंद खरी मानावयाची ती विरुद्ध पुरावा येईपर्यंतच.

येथे अनेक दावे आरंभीच अडखळतात. ‘माझे नाव लावा’ असा दावा सरकारविरुद्ध चालत नाही, कारण कलम १५८ त्याच्या आड येते. दावा भावांविरुद्ध, स्वतःच्या हक्काच्या घोषणेसाठी करावयाचा असतो, आणि विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ३४ मुळे, ताबा भावांकडे असेल तर, नुसती घोषणा मागून भागत नाही, वाटप व कब्जाही मागावा लागतो. ही एक मागणी राहून गेल्याने पुढे सारा खटला लुळा पडतो. म्हणून अर्ज लिहिणाऱ्याने व लिहवून घेणाऱ्याने येथे घाई करू नये. आणखी, त्याच जमिनीत कोणी कूळ असल्याचा मुद्दा निघाला तर कूळकायद्याच्या कलम ८५-अ प्रमाणे तो मुद्दा मामलेदाराकडे, म्हणजे आजच्या तहसीलदाराकडे, पाठविणे दिवाणी न्यायालयाला भाग आहे, व तेथून निर्णय येईपर्यंत दावा थांबतो.

हुकूमनामा झाला तरी काम संपत नाही. सारा भरणाऱ्या जमिनीचे वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावयाचे असते. भूमापकाची मोजणी होते, पोटहिस्से पडतात, आणि मग न्यायालयाच्या सहीशिक्क्याच्या नकलेवरून तलाठी नवा फेरफार धरतो. त्या फेरफाराचा क्रमांक आपल्या सातबाऱ्यावर आला की नाही, हे बहिणीने स्वतः चावडीत जाऊन पाहावे; नगर भूमापनातील मिळकत पत्रिकेची रीत यापेक्षा काहीशी निराळी असल्याने तिचा विचार पुढील लेखांकात करू.