पंख लवतो तेव्हा

उलव्याची टेकडी कापून, नदीचा प्रवाह वळवून उभारलेल्या नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. इथून उडणाऱ्या विमानात खिडकीशी बसलात, तर पंखाचे टोक वर उचललेले दिसेल. घाबरू नका, तो लवण्यासाठीच बनवलेला असतो. बोइंग ७८७च्या २०१०मधील चाचणीत पंख सुमारे २५ फूट वर वाकवले होते.

वाकलेल्या पंखावरचा हवेचा दाब बदलतो आणि बदललेला दाब पंखाला पुन्हा वाकवतो. या देवाणघेवाणीचे शास्त्र म्हणजे एरोइलॅस्टिसिटी. हवेचा जोर, पंखाची लवचिकता आणि त्याचे जडत्व यांचा त्रिकोण ब्रिटिश अभियंते आर्थर कॉलर यांनी १९४६मध्ये मांडला. पवईच्या आयआयटीतल्या एरोस्पेसच्या विद्यार्थ्यालाही तो टाळता येत नाही.

खरा कस लागतो ‘फ्लटर’मध्ये. ठरावीक वेगापुढे पंखाचे वाकणे आणि पिळवटणे एकमेकांना खतपाणी घालते. हवेतून मिळणारी ऊर्जा जिरेनाशी होते आणि काही क्षणांत पंख तुटू शकतो. लॉकहीड इलेक्ट्रा जातीची दोन विमाने १९५९ आणि १९६०मध्ये अशीच कोसळली. इंजिनाचा आधार सैल पडल्याने प्रोपेलर भोवंडला आणि ती थरथर पंखात उतरली.

१९४०मध्ये कोसळलेला अमेरिकेतला टॅकोमा पूल शाळेत ‘अनुनादा’चे उदाहरण म्हणून शिकवतात. तोही फ्लटरचाच बळी, हे मात्र इंजिनिअरिंगला गेल्यावर कळते!

विमानातल्या फ्लटरवरचा उपाय कधी अगदी साधा असतो: एलेरॉनच्या, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या पट्टीच्या, बिजागरीपुढे थोडे वजन बसवायचे.