चोवीस तासांचा हिशेब

कावीळ या रोगाविषयी मराठी समाजात जशी धास्ती आहे, तशीच एक भाबडी समजूतही आहे. डोळे पिवळे पडले म्हणजे कावीळ झाली. माळ घातली, पथ्य पाळले की ती उतरली! ‘हिपॅटायटिस बी’ हा यकृताचा विकार मात्र या समजुतीत बसत नाही. त्याचे विषाणू वर्षानुवर्षे रक्तात वास करतात आणि डोळ्यांत पिवळेपणाची छटाही उमटत नाही. अशी वरकरणी निरोगी स्त्री गर्भवती होते, तेव्हा प्रश्न दोन जिवांचा होतो.

या रोगाचे गणित विलक्षण आहे. प्रौढ वयात संसर्ग झालेल्यांपैकी शेकडा पाचांहूनही कमी लोकांत तो कायमचा ठाण मांडतो. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या अर्भकांत मात्र हेच प्रमाण शेकडा नव्वदांच्या घरात जाते. यांतील अनेकांना पुढे ऐन कर्त्या वयात सिरॉसिस किंवा यकृताचा कर्करोग गाठतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हा जुनाट संसर्ग होता.

उपाय ठाऊक नाही, अशातला भाग नाही. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत लसीची पहिली मात्रा, पुढे उरलेल्या मात्रा आणि माता बाधित असल्यास अर्भकाला इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन, असा हा साधा क्रम आहे. मातेच्या रक्तात विषाणूंचे प्रमाण फार असेल, तर गरोदरपणाच्या उत्तरार्धात तिला टेनोफोविर हे औषध देता येते. तैवानने १९८४ मध्ये बाधित मातांच्या अर्भकांपासून लसीकरणाचा आरंभ केला व १९८६ मध्ये ते सर्व नवजात बालकांना लागू केले. पुढच्या दशकात तेथील सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. भारतातही १९९७ मध्ये हैदराबादेत देशी लस तयार झाली, किंमत उतरली, २०११ मध्ये ही लस देशभरच्या लसीकरण कार्यक्रमात आली आणि २०१८ मध्ये राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रमही सुरू झाला.

मग घोडे अडते कोठे? पहिली अडचण काटकसरीच्या चुकीच्या कल्पनेची आहे. लसीची कुपी दहा मात्रांची असते. रात्री एकच प्रसूती झाली, तर एका बाळासाठी कुपी कशी फोडायची, असा विचार कर्मचाऱ्याच्या मनात येतो. वस्तुतः योग्य तापमानात ठेवलेली उघडी कुपी २८ दिवसांपर्यंत वापरण्यास शासकीय नियमांनीच मुभा दिली आहे. नऊ मात्रा वाचवण्यासाठी एक आयुष्य पणाला लावणे, याला काटकसर म्हणत नाहीत.

दुसरी अडचण आपल्या रीतिरिवाजातून येते. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. तपासणी होते सासरच्या गावी, प्रसूती होते माहेरच्या रुग्णालयात. कागद मागे राहिला, तर चोवीस तास पाहता पाहता सरतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या. बाळ रुग्णालयात जन्मते आणि तरीही पहिल्या मात्रेस मुकते, यास दारिद्र्याचे कारण पुरत नाही.

तिसरी अडचण सर्वांत क्लेशदायक आहे. अहवाल सदोष निघाला की सुनेच्या चारित्र्याकडे बोट दाखविले जाते, तिचे ताट-वाटी वेगळी काढली जाते. एकत्र जेवण्याने हा रोग पसरत नाही, बाळाला लस मिळाल्यास स्तनपानासही आडकाठी नसते. आणि पुष्कळदा तिला स्वतःलाही तो तिच्या जन्माच्या वेळीच मिळालेला असतो. या दूषणाच्या भयाने अहवाल लपविला गेला, की शिक्षा बाळाला होते. पतीची व घरातील इतरांची तपासणी आणि लसीकरण हेच शहाणपणाचे.

लसीचा खर्च या वर्षीच्या अंदाजपत्रकात दिसतो; टळलेला कर्करोग मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. म्हणूनच प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाच्या वजनाशेजारी पहिल्या मात्रेची वेळही नोंदली गेली पाहिजे. ती जागा कोरी राहिली, तर तिची भरपाई ते मूल कर्त्या वयात करील.