सामायिक सातबाऱ्यावरचे घरकुल

कोकणात तोंडवलीपासून तळाशीलपर्यंत जमिनीची चिंचोळी पट्टी आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला खाडी, मधे माड, सुरूची बने आणि घरे. इथल्या कमी मिळकतीच्या कुटुंबाला पहिले पक्के घर बांधायचे झाले, तर वाट बँकेकडे नव्हे, ग्रामपंचायतीकडे जाते. घरकुलाच्या यादीत नाव आहे का, हे आधी पाहिले जाते.

घरकुल योजनेचे मूळ 1985-86 सालच्या इंदिरा आवास योजनेत आहे. 1 जानेवारी 1996 पासून ती स्वतंत्र झाली आणि 1 एप्रिल 2016 पासून प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) म्हणून नव्याने सुरू झाली. अनुदान सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगराळ व दुर्गम भागात 1 लाख 30 हजार. घर किमान 25 चौरस मीटरचे, स्वयंपाकाच्या जागेसह. रोजगार हमीची 90 ते 95 दिवसांची मजुरी आणि शौचालयाचे 12 हजार त्याला जोडले गेले. अनुसूचित जातींसाठी रमाई आणि आदिवासींसाठी शबरी या राज्याच्या योजना वेगळ्या आहेत.

पैसे हप्त्यांनी थेट खात्यात येतात. जोते झाले, भिंती चढल्या, की जागेवरचा फोटो काढून नोंदवला जातो आणि पुढचा हप्ता सुटतो. मधे ठेकेदार नाही; घर ज्याचे, त्यानेच ते बांधून घ्यायचे. घर बाईच्या नावावर किंवा नवराबायको दोघांच्या नावावर व्हावे, हाही दंडक आहे. माझ्या मते योजनेचे मोठेपण या दोन गोष्टींत आहे.

रक्कम मात्र तोकडी पडते. चिरा खाणीवरून आणायचा, त्याचे भाडे वेगळे. गाव वाळूवर वसलेले असले तरी किनाऱ्यावरची खारी वाळू बांधकामाला चालत नाही. तिच्यातल्या मिठाने सळ्या गंजतात. 2025 मध्ये राज्याने 50 हजारांची भर घातली, त्यातले 15 हजार सौर विजेसाठी. घरकुलाला 5 ब्रास वाळू मोफत देण्याची तरतूद त्याच वर्षीच्या वाळू धोरणातही आहे.

तरीही कोकणात घर अडते ते जमिनीपाशी. सातबारा सामायिक, त्यावर आजोबा-पणजोबांपासूनची नावे. त्यांचे वारस मुंबईत, पुण्यात, कुणी आखातात. ज्या भावाने गावात राहून म्हाताऱ्यांना सांभाळले, मासेमारी केली, माड राखले, त्यालाच चार भिंती उभारायला इतरांचे संमतीपत्र लागते. ते मिळेपर्यंत मंजूर घरही लटकते. ज्याला जमीनच नाही, त्याला पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी 1 लाखापर्यंत मदत आहे. पण पर्यटनाने दर चढलेल्या किनाऱ्यावर तेवढ्यात जागा मिळणे कठीण.

त्यात सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम. 2011 च्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई केली. मच्छीमारांसारख्या पारंपरिक किनारी समाजांच्या घरांसाठी मात्र 100 ते 200 मीटरमध्ये परवानगीची वाट ठेवली. ही तरतूद वाड्यावाड्यांत, ग्रामसभेत सांगितली गेली पाहिजे. समुद्र आणि खाडीच्या मधे राहणाऱ्यांनी आणखी मागे सरायचे कुठे?

सरकारी रक्कम वाढायला वेळ लागेल, संमतीपत्राला तो लागू नये. चतुर्थीला सगळे हिस्सेदार घरी येतात. चाकरमान्यांनो, यंदा परतीची गाडी धरण्याआधी गावातल्या भावाच्या कागदावर सही करून जा.