बिघडलेली हार्ड डिस्क कोणाच्या हाती द्यावी?

हार्ड डिस्कमध्ये वेगाने फिरणाऱ्या चकत्यांवरून मजकूर वाचणारे टोक, ज्याला हेड म्हणतात, काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. धुळीचा कण या अंतराहून कितीतरी मोठा असल्यामुळे उरला आणि सिलतरा येथील कारखान्यांच्या धुळीशी परिचित असलेल्या रायपूरसारख्या शहरात साध्या दुरुस्तीच्या टेबलावर डिस्क उघडणे म्हणजे उरलासुरला मजकूरही गमावण्याची जोखीम पत्करणे होय. म्हणून मजकूर परत मिळवून देणारी सेवा निवडताना पहिला प्रश्न क्लीन रूमचा, म्हणजे हवेतील कण गाळून काढलेल्या खोलीचा असावा. ती स्थानिक दुकानात नसल्यास डिस्क कोणत्या शहरात, कोणाकडे पाठवली जाणार हे लेखी घ्यावे. अनेक दुकाने केवळ मध्यस्थ असतात आणि त्यात गैर काही नाही, मात्र ते लपवणे गैर आहे.

बिघाड नेहमी यांत्रिकच असतो असे नाही. फाईल चुकून पुसली गेली असल्यास डिस्क न उघडता, तिची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवर काम करता येते, आणि मूळ डिस्कवरच प्रयोग करणारा तंत्रज्ञ टाळलेला बरा. टकटक आवाज येत असेल, तर मात्र वीजपुरवठा ताबडतोब बंद करावा, कारण प्रत्येक नव्या प्रयत्नात चकतीवर ओरखडे वाढू शकतात. एसएसडीमध्ये, म्हणजे चिपवर मजकूर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, चकत्या नसतात; तिच्यातील ट्रिम ही व्यवस्था पुसलेली जागा स्वतःच रिकामी करत असल्याने तेथे शंभर टक्के यशाची हमी देणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

दर ठरवण्यापूर्वी तपासणीचे शुल्क, मजकूर न मिळाल्यास आकारणी आणि गोपनीयतेची अट कागदावर असावी.