गुहेतले तेरा जण आणि बाहेरची हजारो माणसं

पावसाळा तोंडावर आला की गटाच्या बैठकांत कर्जाच्या हप्त्याबरोबर आणखी एक विषय निघतो. पोरं ओढ्यावर जातात, धबधब्यावर जातात, ऐकत नाहीत. मागच्या महिन्यात दोन गावांच्या बैठकीत हाच विषय चालला असताना काही जणींनी थायलंडच्या गुहेतल्या मुलांची गोष्ट काढली. कुणी मोबाइलवर पाहिली होती, कुणी मुलांकडून ऐकली होती. प्रश्न मात्र सगळ्यांचे सारखे होते. पाणी एकदम आलं कुठून? मुलं इतके दिवस जगली कशी? पोरांना पाण्याखालून बाहेर काढलं कसं? आज आम्ही हेच नीट उलगडून सांगणार आहोत, कारण त्यात आपल्यालाही घेण्यासारखं बरंच आहे.

काय घडलं

थायलंडच्या उत्तर टोकाला चियांग राय नावाचा प्रांत आहे. तिथे एक लांबच लांब डोंगर आहे. दुरून बघितलं तर बाई निजल्यासारखी दिसते, म्हणून त्याचं नावच निजलेल्या बाईचा डोंगर. त्याच्या पोटात थाम लुआंग ही सुमारे दहा किलोमीटर लांबीची गुहा आहे.

२३ जून २०१८, शनिवार. गावातल्या फुटबॉल संघातली १२ मुलं सराव संपवून सायकलींवरून गुहेकडे गेली. सगळ्यांत लहान ११ वर्षांचा. सोबत त्यांचा २५ वर्षांचा सहायक प्रशिक्षक होता. त्यांतली काही गुहेत पूर्वीही गेलेली होती. थोडा वेळ आत फिरून परतायचं, एवढाच बेत. ती आत असताना बाहेर पाऊस कोसळला आणि परतीची वाट पाण्याखाली गेली.

गुहेच्या तोंडाशी फलक होता. जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत आत पाणी भरतं, असा इशारा त्यावर होता. मुलं गेली ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात. पाऊस काही कॅलेंडर बघून येत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

संध्याकाळी मुलं घरी आली नाहीत, तसे आईबापांचे फोन मुख्य प्रशिक्षकाला सुरू झाले. संघातला एक मुलगा त्या दिवशी घरी गेला होता. त्याने सांगितलं की बाकीचे गुहेकडे गेलेत. तिथे जाऊन पाहिलं, तर तोंडाशी सायकली उभ्या. त्या एका मुलाला ठाऊक होतं म्हणून शोध त्याच रात्री योग्य जागी सुरू झाला.

पाणी एकदम कसं भरलं

हा डोंगर चुनखडीच्या दगडाचा आहे. आपल्याकडे शहाबादी फरशीवर लिंबू सांडलं की डाग पडतो, पुसला तरी जात नाही. कारण ती फरशीही चुनखडीचीच, आणि आंबट पदार्थ तिला खातो. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून झिरपताना अगदी किंचित आंबट होतं. ते लाखो वर्षं भेगांत मुरलं की डोंगर आतून पोखरला जातो, आणि अशा गुहा तयार होतात.

अशा डोंगराला वरून असंख्य भोकं, चिरा असतात. वर पडलेला पाऊस सगळीकडून झिरपून आत उतरतो आणि सगळ्यांत खालच्या वाटेला, म्हणजे गुहेत, एकत्र येतो. गुहेची वाटही सरळ नसते. कुठे मोठं दालन, कुठे माणूस जेमतेम सरपटेल एवढी फट, कुठे खाली उतरून पुन्हा वर चढण. खालचा भाग आधी भरतो. पुढचं दालन कोरडं असलं तरी मधली वाट बंद. मुलं पाण्यापासून पळत पळत आणखी आत गेली आणि तोंडापासून सुमारे चार किलोमीटरवर एका उंच कपारीवर थांबली.

आतले नऊ दिवस

मुलांकडे खायला काहीच नव्हतं. दगडावरून ठिबकणारं पाणी तेवढं ती पीत राहिली. खालचं गढूळ पाणी त्यांनी प्यायलं नाही, हे फार महत्त्वाचं ठरलं. प्रशिक्षक लहानपणी बौद्ध मठात राहिलेला होता. त्याने मुलांना शांत बसून श्वासाकडे लक्ष द्यायला शिकवलं. घाबरलेला माणूस धापा टाकतो, ताकद आणि हवा दोन्ही जास्त खर्च करतो. शांत बसलं की दोन्ही वाचतं. मुलं एकमेकांना चिकटून झोपायची आणि दिवसा दगडाने भिंत खणायची. वाट निघाली नाही, पण हाताला काम राहिलं.

२ जुलैच्या रात्री दोन ब्रिटिश पाणबुडे दोरी टाकत टाकत तिथवर पोहोचले. त्यांनी विचारलं, किती जण आहात? आतून उत्तर आलं, तेरा. सगळे जिवंत होते.

बाहेर काय चाललं होतं

इकडे हजारो माणसं जमली होती. एकूण दहा हजारांहून जास्त लोक या कामात होते असं सांगतात. नौदलाचे जवान, पोलिस, देशोदेशींचे पाणबुडे आणि आजूबाजूच्या गावांतली माणसं. मोठे पंप रात्रंदिवस पाणी उपसत होते. डोंगरावर चढून लोकांनी ओढ्यांचं पाणी पाइप लावून दुसरीकडे वळवलं, म्हणजे गुहेत उतरणारं पाणी कमी व्हावं.

इथे आपल्या मातीचा एक धागा आहे. पाणी उपसण्याचा सल्ला द्यायला किर्लोस्कर कंपनीचे तज्ज्ञ तिथे गेले होते. त्यांचे मोठे पंप सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत विमानाने पाठवण्यासाठी तयार ठेवले होते. आपल्या विहिरीवरचा पंप आणि त्या गुहेतला पंप, काम एकच.

उपसलेलं पाणी जाणार कुठे? खालच्या भाताच्या शेतांत. नुकती लावणी झालेली शेतं बुडाली. सरकारने भरपाई देऊ केली, तेव्हा काही शेतकऱ्यांनी ती घेतली नाही. भात पुन्हा लावता येतो, मुलं परत मिळत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. लावणीच्या दिवसांत कंबर मोडून काम करणाऱ्या आपल्याला या बोलण्याचं वजन कळतं.

गावातल्या बाया रोज शेकडो माणसांचा स्वयंपाक करत होत्या. एका लाँड्रीवालीने जवानांचे चिखलाने भरलेले कपडे रात्री नेऊन धुऊन सकाळी परत दिले, तेही फुकट. टीव्हीवर पाणबुडे दिसतात. पण त्यांच्या पोटात गरम जेवण आणि अंगावर कोरडे कपडे नसते, तर ते पुन्हा पाण्यात उतरू शकले नसते.

वाट कोणती निवडायची

मुलं सापडली, म्हणजे सुटली असं झालं नाही. तिथवर जाणं सरावलेल्या माणसालाही काही तास घेत होतं. पाणी इतकं गढूळ की स्वतःचा हात दिसत नाही. एक लष्करी डॉक्टर आणि नौदलाचे तीन जवान मुलांजवळ जाऊन राहिले. आधी पचायला सोपं असं थोडं थोडं अन्न दिलं. बऱ्याच दिवसांच्या उपाशी पोटाला एकदम जेवण दिलं तर ते जिवावर बेतू शकतं.

पुढे काय करायचं, याच्या चार वाटा होत्या. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे चार महिने, थांबणं. वरून डोंगराला भोक पाडणं. सगळं पाणी उपसून काढणं. किंवा मुलांना पाण्याखालून आणणं. वरून भोक पाडायला नेमकी जागा आणि वेळ दोन्ही नव्हतं. पाणी उपसून पूर्ण संपत नव्हतं. आणि थांबायलाही वेळ उरला नाही, कारण आतल्या हवेतला ऑक्सिजन सुमारे १५ टक्क्यांवर आला होता. आपण श्वास घेतो त्या हवेत तो २१ टक्के असतो. शिवाय मोठा पाऊस येणार असा अंदाज होता.

त्यातच ६ जुलैच्या पहाटे समन कुनान हा नौदलातला माजी जवान गेला. नोकरी सोडलेली असूनही तो स्वतःहून मदतीला आला होता. आत हवेच्या टाक्या पोहोचवून परतताना त्याचीच हवा संपली. एवढा कसलेला माणूस जिथे दगावतो, तिथून पोरांना आणायचं कसं?

झोपेतून बाहेर

सगळ्यांत मोठा धोका होता भीतीचा. पाण्याखाली, अंधारात, अरुंद फटीत मूल घाबरून धडपडलं, तोंडावरचा मुखवटा ओढला, तर ते आणि त्याला आणणारा, दोघेही जाणार. म्हणून असं ठरलं की मुलांना भूल द्यायची. हे काम ऑस्ट्रेलियाचे डॉक्टर रिचर्ड हॅरिस यांनी केलं. ते भूलतज्ज्ञ आणि गुहेत उतरणारे पाणबुडेही. दोन्ही एकाच माणसात मिळणं विरळाच.

मुलाला आधी गोळी, मग भुलीचं इंजेक्शन. पाण्यात उतरायला लागणारा अंगालगत बसणारा पोशाख, पूर्ण चेहरा झाकणारा मुखवटा, त्यात सतत हवा. हात मागे बांधलेले, म्हणजे अर्धवट शुद्धीत मुखवटा ओढला जाऊ नये. एक पाणबुड्या एका मुलाला धरून, अंधारात दोरी चाचपत पुढे नेई. वाटेत भूल उतरू लागली की पुन्हा इंजेक्शन. पाण्याबाहेरच्या भागात स्ट्रेचर, आणि शेवटच्या टप्प्यात शेकडो हात एकमेकांकडे ते सरकवत नेत.

८ जुलैला चार, ९ जुलैला चार आणि १० जुलैला पाच जण, असे सगळे तेरा बाहेर आले. आधी कुणी जायचं हे मुलांनी आणि प्रशिक्षकाने ठरवलं. ज्याचं घर लांब तो आधी. बाहेर पडून सायकलने घरी जायचं आणि वाटेत सगळ्यांना निरोप द्यायचा, असा त्यांचा भाबडा हिशेब. शेवटचे जवान निघत असताना मुख्य पंप बंद पडला आणि पाणी पुन्हा चढू लागलं. थोडक्यात सुटले.

या कामात आजारी पडलेला आणखी एक जवान पुढे २०१९ च्या डिसेंबरात वारला. मुलांची आठवण काढताना या दोघांची आठवण काढायलाच हवी.

आईबापांचं पत्र

आम्हाला सगळ्यांत जास्त थांबवलं ते एका पत्राने. गुहेतून प्रशिक्षकाने मुलांच्या आईवडिलांची माफी मागितली होती. त्यांनी उलट कळवलं, तू स्वतःला दोष देऊ नकोस, आमच्या मुलांना सांभाळतो आहेस. अपघात झाला की आपण आधी कुणाची चूक ते शोधतो. "हिच्या पोरानेच नेलं" असं म्हणून दोन घरं कायमची तुटतात. दोष ठरवायला नंतर वेळ असतो. पोर पाण्यात असताना नसतो.

आणखी एक गोष्ट. तो प्रशिक्षक आणि तीन मुलं यांच्याकडे कुठल्याच देशाचं नागरिकत्व नव्हतं. सीमेवरचे, कागद नसलेले लोक. कागद आहे का, हे आत उतरताना कुणी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात त्यांना नागरिकत्व मिळालं.

आपल्या गावासाठी

आपला सह्याद्री चुनखडीचा नाही, काळ्या दगडाचा आहे. पण एक गोष्ट सारखी आहे. पाऊस वर पडतो आणि पाणी खाली येतं. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वरच्या अंगाला कोसळलेला पाऊस ओढ्यात थोड्या वेळाने पोहोचतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं अशीच वाढलेल्या पाण्यात वाहून गेली.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं बोलून घ्यावं:

गावातल्या धोक्याच्या जागा कोणत्या? ओढा, खदान, शेततळं, बंधारा, धबधबा. त्यांची यादी करून ग्रामसभेत द्यावी आणि फलक मागावा.

मुलांना "जाऊ नको" एवढंच सांगून भागत नाही. "जाताना सांगून जा" हेही सांगावं. ओरडा बसेल या भीतीने मूल लपवतं, आणि मग शोधायचं कुठे तेच कळत नाही.

पाणी एकदम गढूळ झालं, पालापाचोळा, काटक्या वाहून येऊ लागल्या, वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर सामान तिथेच सोडून उंचावर चढायचं. गुडघाभर वाहतं पाणीही मोठ्या माणसाला पाडतं.

कुणी अडकलं, तर मागोमाग उडी मारायची नाही. दोरी, काठी, रिकामा कॅन फेकायचा. साड्यांना गाठी मारूनही दोर होतो. ११२ वर फोन करायचा. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा क्रमांक १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८. हे तीन आकडे गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

आणि गावात पोहणारे कोण, दोर कुणाकडे, ट्रॅक्टर कुणाचा, पंप कुणाचा, हेही लिहून ठेवा. बचतीचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो. हाही तसाच ठेवायचा. थायलंडमध्ये माणसं आणि सामान मोठं होतं, पण सुरुवात गावातूनच झाली. कुणीतरी मोजलं, मुलं कमी भरली, आणि लगेच हाक दिली.

तुमच्या गावाची यादी तयार झाली की आम्हाला जरूर कळवा. चांगल्या याद्या आपण याच कार्यक्रमात वाचून दाखवू. सांभाळून राहा.